बांगडीएवढा समुद्र

अनुपमने दिवाळीत नवी पाणबुडी आणली आणि माझं काम गेलं.

पाणबुडी म्हणजे खेळातली, संगणकावरची. अनुपम आमचा मुलगा. तो दहावीत असताना त्याच्यासाठी संगणक घेतला, त्याबरोबर हा खेळ घरात आला. महायुद्धातली पाणबुडी चालवायची आणि शत्रूची जहाजं बुडवायची. मुलगा लवकरच कंटाळला, बाप चिकटला. आमचे हे, म्हणजे हरी, तेव्हा भिवपुरीच्या वीजकेंद्रात होते. दिवसभर पाणी आणि मीटरचे काटे बघून आलेला माणूस कर्जतला घरी येऊन पुन्हा पाणी आणि काटेच बघत बसतो, याचा मला भयंकर राग यायचा. एका रविवारी भांडायला म्हणून शेजारी खुर्ची ओढून बसले, ती पुढे कित्येक वर्षं उठलेच नाही.

कारण तो खेळ एकट्याचा नव्हताच. पेरिस्कोपमधून जहाज दिसायचं, पण ते किती लांब आहे, कुठे निघालंय, हे खेळ सांगायचा नाही. आपलं आपण काढायचं. पेरिस्कोपच्या काचेवर बारीक रेघा असत; डोलकाठी जितक्या जास्त रेघा उंच, तितकं जहाज जवळ. हरी डोळे बारीक करून ओरडायचे, "उजवीकडे! डोलकाठी तीन रेघा!" त्यावरून मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर एक टिंब द्यायची. थोड्या वेळाने दुसरं टिंब. दोन्ही जोडली की जहाजाची वाट कळायची. टॉर्पेडो कुठवर पोचतो ते दाखवायला पाणबुडीभोवती गोल काढावा लागे, आणि अनुपमचा कंपास कायम हरवलेला. मग मी हातातली लाखेची बांगडी काढली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. बाकी सगळं माप आम्ही त्या बांगडीवरून ठरवलं. जहाज बांगडीच्या रेघेवर आलं की मी म्हणायची, "सोडा!" मग दोघंही श्वास धरून बसायचो. कधी धडाम व्हायचं, कधी नुसतंच पाणी. हरी माझ्याकडे बघायचे, मी त्यांच्याकडे, आणि चूक कुणाची यावर जेवण होईपर्यंत वाद चालायचा.

एकदा जत्रेत मी नव्या बांगड्या घेतल्या, जरा मोठ्या मापाच्या. त्यानंतर एकही टॉर्पेडो पोचेना. सगळे वाटेतच दम तोडायचे. टॉर्पेडो गंजले असणार, असा आमच्या विद्वानांनी निष्कर्ष काढला. महिन्याभराने आमटी वाढून घेताना त्यांची नजर माझ्या हातावर गेली. त्या दिवशी आम्ही इतके हसलो की आमटी गार झाली. जुनी बांगडी मी तेव्हापासून टेबलावर नकाशासाठीच ठेवून दिली.

तर यंदाच्या पावसाळ्यात जुना संगणक गेला. दिवाळीत अनुपमने लॅपटॉप आणला, त्यात नवा खेळ. समुद्र असा ओला की पुसायला फडकं घ्यावं. हरी हरखून गेले.

"बाबा, आता काही मोजायचं नाही," अनुपम म्हणाला. "हे बटण दाबलं की हिरवा त्रिकोण येतो, त्यावर टॉर्पेडो सोडायचा. हे दाबलं की नकाशा, सगळी जहाजं दिसतात."

"आणि आई काढते तो नकाशा?"

"ते सगळं काढून टाकलंय. लोकांना कटकट वाटायची."

कटकट! मी कॅलेंडरचं पान घडी करून रद्दीत टाकलं. बांगडी टेबलावर पडून काय करणार, म्हणून रागाच्या भरात जोर लावून मनगटावर चढवली. चांगलं दुखलं.

गौराबाई आमच्याकडे भाजी घेऊन येते. टोपली उतरवून उंबऱ्यात टेकायचं आणि आमची लढाई बघायची, ही तिची जुनी सवय. नवा खेळ बघून तिने मला विचारलंच. "काय गं ताई, तुज्याबिगर चाललंय की ह्ये. मंग तू काय करतेस?"

"मेथी निवडते," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला फार लागलं. जहाजांचं कुणाला पडलंय! पण रविवारची ती खुर्ची माझी होती. तिच्यात बसलं की मी कुणाची आई नसायची, स्वयंपाकीण नसायची. मी नसले तर पाणबुडी आंधळी, एवढंच असायचं. आता पाणबुडीला चार डोळे फुटले होते.

सुरुवातीला हरी आतून ओरडून सांगायचे, "बुडवलं! अजून एक!" मी "वा" म्हणायची. हळूहळू ओरडणं थांबलं. मग दुपारी खोलीचं दार लावून बसायला लागले. घरातली कात्री सापडेना. माझ्या टिकल्यांच्या पाकिटातून टिकल्या गायब. या वयात नवं व्यसन लागलंय, ते खुशाल असू दे, पण टिकल्या? शेवटी मी माझ्याच विसराळूपणाला दोष दिला.

परवाच्या रविवारी गौराबाई वांगी मोजून देत होती, तेवढ्यात आतून हाक आली.

"द्वारका! जहाज आलंय, लवकर ये!"

"त्रिकोण आहे ना तुमचा!" मी बाहेरूनच म्हटलं.

"जा की गं," गौराबाईने मला ढकललंच. "भाऊ कवाधरनं हाक मारतात."

आत जाऊन बघते तर लॅपटॉपला कपड्यांचे चिमटे लावलेले. चिमट्यांनी प्लास्टिकचा एक पारदर्शक कागद पडद्यावर ताणलेला, आणि त्यावर पट्टीने आखलेल्या बारीक रेघा. अगदी जुन्या पेरिस्कोपसारख्या. त्रिकोणाचं बटण आणि नकाशाचं बटण, दोन्हींवर माझ्या लाल टिकल्या. हात लावायचा नाही, अशी खूण. टेबलावर कॅलेंडरचं कोरं पान, पेन्सिल, आणि शेजारी माझी खुर्ची.

"डोलकाठी चार रेघा," हरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "बस ना गं. पळून जाईल ते."

माझे डोळे भरले होते, पण टिंब द्यायचं होतं. दिलं. दुसरं दिलं. रेघ ओढली.

"बांगडी!" हरी ओरडले.

बांगडी निघेना. मी ओढतेय, माझ्यामागोमाग आत आलेली गौराबाई ओढतेय, बोटांचे सांधे सुजलेले, आणि जहाज आपलं निघालंय डुलत.

"नाय निघायची ती," गौराबाई म्हणाली. तिने स्वतःच्या हातातली बांगडी सर्रकन काढून पानावर ठेवली. "ही घे माजी. चल, फिरव पेन्सिल!"

मी फिरवली. जहाज रेघेवर आलं. "सोडा!"

तिघंही श्वास धरून बसलो. टॉर्पेडो गेला, गेला, आणि वाटेतच दम तोडून तळाला. हरींनी आधी गौराबाईच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या. शेतात भात लावून लावून रुंद झालेला तिचा पंजा. बांगडी चांगली दोन मापं मोठी.

"गंजले असतील," मी म्हटलं.

हरी जे हसायला लागले ते थांबेचनात. तेवढ्यात पडद्यावर ते जहाज वळलं आणि थेट आमच्यावर चालून आलं.

"बुडी मारा भाऊ, बुडी मारा!" गौराबाई किंचाळली.

बुडी मारली. वरून घरघर करत जहाज गेलं. हरींनी डोळे पुसले. "दिवाळीपासून माझा एकही नेम चुकला नव्हता गं," ते म्हणाले. "एकट्याने कंटाळून गेलो होतो."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली आणि हात त्यांच्यापुढे धरला.

"साबण आणा," मी म्हटलं. "आणि ते जहाज नजरेआड होऊ देऊ नका."