वेबसाइटचा पंचवीस फुटी फ्लेक्स

शांभवीचं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स असली कामं चालायची. शिरोळकडच्या एका दूध संस्थेची वेबसाइटही तिनंच करून दिली होती. २००७ साली वार्षिक सभेच्या आठवडाभर आधी संस्थेचे चेअरमन बाळासो स्वतः दुकानात आले.

"पोरी, आमच्या सभासदांच्या घरात कुठला कॉम्प्युटर? ती वेबसाइट अख्खी फ्लेक्सवर छापून दे."

शांभवीनं पडद्यावर दिसत होतं तेवढं उचलून दाखवलं. त्यात बाळासोंचा फोटो छातीपर्यंतच आला होता.

"हे अर्धंच हाय की!"

मग तिनं पान खाली सरकवत एकेक तुकडा घेतला आणि सगळे जोडले. जोडावर साहेबांना एकाखाली एक अशा दोन मिशा आल्या. बाळासोंनी चहाचा कप खाली ठेवला. शेवटी तिनं इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्राम उतरवून ब्राउझरला जोडला. तो वरपासून तळापर्यंतचं पान एका दमात घ्यायचा.

पान भलतंच लांब निघालं. शांभवीनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि पडदा बाळासोंकडं वळवला.

"साहेब, तळाला सभासदांचे अभिप्राय हायत. एकदा नजर टाका. म्हणाल तर कापते."

"अभिप्राय? लोकांचं प्रेम हाय ते! एक अक्षर कापायचं न्हाय."

स्वतःच्या फोटोवरची नजर न हलवता त्यांनी छपाईआधीच्या प्रूफवर सही ठोकली.

सभेच्या दिवशी संस्थेच्या गच्चीवरून फ्लेक्स खाली सोडला. वेबसाइटबद्दल शांभवीचा सत्कार होणार होता, म्हणून ती पुढंच बसली होती. साहेबांचा फोटो पार वर, पाण्याच्या टाकीजवळ गेला. माणसांच्या डोळ्यांसमोर आले ते अभिप्राय.

निवृत्त मास्तर केरबा मोठ्यानं वाचू लागले, "दुधाचं फॅट मोजायचं मशीन शिमग्यापासून बंद हाय. फॅट नि दर काय अंदाजानं लावता व्हय?"

टाळ्या पडल्या.

"माझंबी वाचा की," सभासद झुंबरबाई पुढं घुसली. "पुण्याच्या लेकीनं वेबसाइटवर घातलंय."

"चेअरमनांच्या म्हशीला मात्र बारमाही नऊ फॅट!" मास्तरांनी वाचलं.

मांडव हसून लोटपोट झाला. बाळासो शांभवीकडं वळले.

"कापलं का न्हाईस?"

पर्समधलं प्रूफ काढून ती म्हणाली, "सही तुमचीच हाय, साहेब."

शिपाई फ्लेक्स गुंडाळायला धावला, तर दहा-बारा बायकांनी खालची काठी घट्ट धरली. मशीन येईपर्यंत फ्लेक्स हलवायचा न्हाय, असं सभेनं तिथंच ठरवून टाकलं. सत्कार राहूनच गेला. त्यानंतर बाळासो ऑफिसात मागच्या दारानं यायला लागले, आणि तेराव्या दिवशी नवं मशीन आलं.

त्याच आठवड्यात झुंबरबाई एसटीनं कोल्हापूर गाठून दुकानात हजर झाली. हातात वहीचा कागद होता. गल्लीत चार महिने नळाला पाणी नव्हतं, त्याची तक्रार.

"पोरी, हेबी तसंच लांबलचक छापून दे," ती म्हणाली. "सरपंचाच्या दारासमोर लावायचंय."