पलीकडची खुर्ची

"काका, मनगट सैल सोडा! दांडी आहे ती, तुमच्या पाणीखात्याची चावी नव्हे," फडकं घेऊन फिरणाऱ्या खेळघराच्या मालकीण ओनोदेराबाई हसत म्हणाल्या.

शिगेमात्सुंनी मान वर केली नाही. जपानमधल्या नुमाझू शहराच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं मीटरचे आकडे उतरवले, पण बढतीच्या यादीत कधी नाव लागलं नाही. चौपन्नाव्या वर्षी, घरी न सांगता, ते या व्हिडिओ गेमच्या खेळघरात, यंत्रासमोर मारामारीचा खेळ शिकायला बसले. आठ महिन्यांत एक डाव हाताला आला: खाली, तिरकं, पुढे आणि ठोसा. तोही दहातून सहा वेळा.

पाठीला पाठ लावलेल्या पलीकडच्या यंत्रावर दर शनिवारी तोच गडी बसे. डोकावून चेहरा पाहायचा नाही, ही इथली रीत. पण पडद्यावरचं त्याच्या पैलवानाचं दबा धरून बसणं शिगेमात्सु हजारात ओळखत. त्याने त्यांना कधी दयामाया दाखवली नाही. कचेरीत सगळे सांभाळून घेत. हा मात्र पुरता झोडपून काढी. त्याचंच त्यांना अप्रूप होतं. त्याला एकदा हरवायचं होतं, आणि खेळघर आज कायमचं बंद होणार होतं.

पहिली फेरी शिगेमात्सुंनी जिंकली! कान तापले. दुसरीत पहिलाच ठोसा बसला आणि समोरचा पैलवान नुसता उभा राहिला.

रुमाल शोधत असेल बिचारा. उभ्या माणसाला मारायचं नाही म्हणून त्यांनी हात मांडीवर ठेवले. घड्याळ शून्यावर आलं. पडद्यावर त्यांचा विजय झळकला.

त्यांनी सदरा नीट केला आणि रीत मोडून, वाकून आभार मानायला पलीकडे गेले. खुर्ची रिकामी होती.

"गेला तो," ओनोदेराबाई म्हणाल्या. "म्हणाला, शेवटचा दिवस आहे, काकांना जिंकू दे. गोड पोरगा हो!"

"पहिली फेरी तरी... ती खरी होती ना?"

बाई काच पुसत राहिल्या.

शिगेमात्सु जागेवर येऊन बसले. जिंकणाऱ्याचा खेळ पुढे चालू राहतो. यंत्राने आपला पैलवान समोर उभा केला होता. त्यांनी दांडीला हात लावला नाही. यंत्राने सपासप मारायला सुरुवात केली, आणि ते ताठ बसून शेवटपर्यंत पाहत राहिले.