मोज्याने बुजवलेला झरोका

मी झरोका बोलतोय. होक्काइदोतल्या गोठलेल्या तळ्यावर दर हिवाळ्यात उभ्या राहणाऱ्या एका नारिंगी तंबूचा, छताजवळचा, मुठीएवढा. तंबूचे मालक तोकुझोबाबा मला पहिल्या दिवसापासून भोकच म्हणत आले. खोटं कशाला बोलू, मी आहेच भोक. सगळा तंबू वारा अडवतो आणि मी तो आत घेतो. अशा नोकरीत प्रेम मिळत नाही.

तंबू उभा राहिला की बाबा त्याच्या कडांवर बर्फ लोटतात, खालून वारा शिरू नये म्हणून. मग मासे धरायला तळ्यात भोकं पाडतात. त्या भोकांचे लाड विचारू नका. दर पाच मिनिटांनी झाऱ्याने त्यांच्यावरची बर्फाची साय काढतात. माझ्या वाट्याला नऊ हिवाळे एकच गोष्ट आली, बाबांचा जुना लोकरीचा मोजा. झाकण लावून वर तो कोंबायचा.

या जानेवारीत त्यांची सून सायो नवऱ्याबरोबर पहिल्यांदा आली. लग्नाला दोन महिने झालेले. फारसं बोलत नाही, हे बाबांनी गावभर कौतुकाने सांगितलेलं. आत रॉकेलचा हीटर, शिवाय बोटाएवढे मासे तळायला गॅसची शेगडी.

"बाबा, वरचं जरा उघडं ठेवू या का?"

"बाहेर उणे पंधरा आहे, सूनबाई. चाळीस वर्षं मासे धरतोय मी. एकदा तरी मेलो का?"

तिने शेगडीवर मासे टाकले.

तासाभरात बाबांनी डोकं धरलं. म्हणाले, कालची साके अजून उतरली नाही. कोंडलेल्या हवेत शेगडीची निळी ज्योत पिवळी पडली होती. सायोचा नवरा कोहेई म्हणजे गळाची काडी नुसती थरथरली तरी मासा उचलणारा माणूस. काडी नाचत होती आणि हा तिच्याकडे बघून हसत बसला होता.

"अहो, मासा लागलाय."

"हं. छान."

सायोने शेगडी विझवली, हीटर विझवला.

"बाबा, मला बाहेर जायचंय."

"आत्ता? कशाला?"

"जायचंय."

बाबा ओशाळून दुसरीकडे बघू लागले. तिने दाराची चेन ओढली. वाफेने गोठून ती घट्ट बसली होती. पुन्हा ओढली. चेन हलली नाही. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं. इतक्या आशेने माझ्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

तिने मोजा उपसला, झाकण उघडलं, तोंड मला लावून दोन श्वास घेतले. मोजा हातातून सुटला तो थेट माशांच्या भोकात. मग किटलीतला कढत चहा चेनवर ओतून तिने दार उघडलं आणि नवऱ्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. बाबा रांगत मागून आले.

"तो मोजा लोकरीचा होता," ते म्हणाले, आणि बर्फावर ओकले.

पुढच्या रविवारी बाबा जोडीतला उरलेला मोजा घेऊन आले. हात वर केला आणि तसाच राहिला. माझं झाकण कापलेलं होतं, आणि माझ्या तोंडात चहाची गाळणी पक्की शिवून टाकलेली होती.

"मानेवर वारा येतोय," बाबा कुरकुरले.

"मोजा मानेला गुंडाळा, बाबा," सायो म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, गाळणीकडे पाहिलं, आणि मोजा गुंडाळला.

आता माझं वय झालंय, कडा उसवल्यात. एकच मागणं आहे. गार लागलं तर मला खुशाल शिव्या द्या, पण बुजवू नका. शिव्या द्यायला माणूस उरावा लागतो.