फोन उचलला नाही

सदफनं इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर साधा नियम बसवला होता. ऑपरेशनची तारीख द्यायला तीनदा फोन करायचा. नाही उचलला तर नाव काढून पुढच्याला बोलवायचं. डोळ्यांच्या ऑपरेशनची रांग निम्म्यावर आली. कौतुक झालं, आणि का होऊ नये? पोरीनं जीव ओतून काम केलं होतं.

मग फुलंब्रीकडून सारजाबाई आल्या, गोकुळचा, लेकाचा, हात धरून. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. बोलावणं का येत नाही, एवढंच विचारायचं होतं. सदफनं पाहिलं, तर नाव कधीच निघालेलं. फोन का घेतला नाही, असं तिनं जरा फटकारूनच विचारलं. गोकुळनं मान खाली घातली. नंबर त्याचा होता आणि वाळूजच्या त्याच्या कंपनीत फोन गेटवरच जमा करावा लागे. सुटल्यावर उलटा लावला, तर इकडं कुणी उचलत नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. उजवा डोळा गेला होता. डावा वाचेल, पण ऑपरेशन उद्याच करायला हवं, म्हणाले.

काढलेली सगळी नावं सदफनं गावाप्रमाणं लावून पाहिली. शहरातली थोडीच, बाकी फुलंब्री, खुलताबाद, आणि त्यातही बायाच जास्त. बायांच्या हातात फोन होताच कुठं? नंबर नवऱ्याचा, लेकाचा, नाहीतर किराणावाल्याचा. खुलताबादला खुद्द तिच्या अम्मीचा नंबर म्हणजे अब्बांचाच. घरचं माहीत असून डोक्यात येऊ नये, याला काय म्हणावं! रांग कसली कमी झाली, अडलेल्यांनाच रांगेतून बाहेर काढलं होतं.

नावं परत घालूया, असं तिनं इस्पितळाच्या मोठ्या साहेबांना सांगितलं, तर रांगेचा आढावा तोंडावर आलाय, पुढच्या महिन्यात बघू, असं ते म्हणाले. सदफ हटली नाही. तिनं सगळी नावं होती तिथं परत घातली, आणि निरोप गावच्या आशाताईंनी घरी जाऊन द्यायचा असं ठरवून घेतलं. रांगेचा आकडा पुन्हा चढला. साहेब बोलेनासे झाले.

संध्याकाळी ती वॉर्डात सारजाबाईंजवळ बसली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. "नियम माझा होता, मावशी. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला."

"मला वाटलं, माझ्याहून लई अडलेलं कुणी असंल पुढं," सारजाबाई म्हणाल्या. "म्हणून म्या घाई केली नाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर सदफला सोसलं असतं.