भाऊसोचा आयतवार

"आयतवारी न्हाई म्हंजे न्हाई. शाळेच्या पत्र्याला कुनी हात लावायचा न्हाई त्या दिवशी."

भाऊसोनं एवढं बोलून खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि उघड्या बोडक्या शाळेच्या पायरीवर बैठक मारली. समोर केरबा उभा. केरबा मिलिट्रीतनं सुभेदार होऊन आलेला गडी, त्याला नाही ऐकायची सवय नव्हती. पण समोर भाऊसो होता. मिशन शाळेत घंटा देण्यात आणि पोरांची नाकं पुसण्यात म्हाताऱ्याची हयात गेलेली. केरबाचं नाकसुद्धा त्यानंच पुसलेलं. त्यामुळं सुभेदारसाहेबांचा आवाज आपोआप खाली आला.

"आवं भाऊसो, हट्ट कशापायी? उद्या गाव मोकळं हाय. एमायडीसीतली पोरं सुट्टीला घरी येत्यात. आमचा ऋषिराज वेल्डिंगचं मशीन घिऊन येतो म्हनलाय. सकाळी इर्जिक घालू, दिस मावळायच्या आत पत्रं डोक्यावर. बायकांनी भाकरीचं ठरवलंय बी."

इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्यासाठी साऱ्या गावानं एक दिवस राबायचं आणि त्यानं पोटभर जेवू घालायचं. मजुरी-बिजुरीचं नाव काढायचं नाही. कवठे महांकाळच्या ह्या कोरड्या मुलखात माणसं जगली ती अशीच एकमेकांच्या हातांवर.

आणि काम तर असं अडलं होतं की बघवत नव्हतं. गुरुवारी दिवेलागणीला वादळ आलं. वळीव ह्या भागाला नवा नव्हे, पण हे वारं भलतंच होतं. द्राक्षांचे मांडव लोळवले, लाइटचे खांब पिळून टाकले आणि मिशनच्या माळावर येऊन शाळेचं अख्खं छप्पर उचलून धनपाल शेटजींच्या द्राक्षबागेत नेऊन आपटलं. शाळा जुनी, भिंती दगड-मातीच्या. वर छप्पर आहे तोवर त्या हत्तीलाही हलायच्या नाहीत. पण वरनं पाणी शिरलं, आतली माती भिजली की दगड सुटायला वेळ लागत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. ताडपत्री टाकावी म्हटलं तर घरोघरची छपरं उडालेली. ज्याची त्याची ताडपत्री ज्याच्या त्याच्या डोक्यावर.

"केरबा," भाऊसो म्हणाला, "माझ्या बापाला आयतवारी कामाला येत न्हाई म्हनून मळ्यावरनं हाकललं हुतं. ठावं हाय का तुला? आमी उपाशी निजलो, पर बापानं वार मोडला न्हाई. मग हळूहळू गावाला कळलं की ही मानसं ह्या दिवशी यायची न्हाईत. आज समदं गाव आमचा वार मानतंय ते काय फुकट न्हवं. आनि मी चर्चच्या मंडळीचा वडील हाय, पंचासारखा. माझ्या डोळ्यांदेखत देवाच्या घराशेजारी हातोडा वाजवू?"

हेडबाई विजयमाला बाजूला उभ्या होत्या. त्याही मिशनच्या मंडळीतल्याच, पण नव्या शिक्षणाच्या. त्या चाचरत म्हणाल्या, "भाऊसो, चर्चच्या पाळकसाहेबांना एकदा फोन करून विचारूया का? आभाळाचं काही सांगता येत नाही."

"त्येंना काय इचारायचं? मला कळत न्हाई व्हय?"

झालं. बाईंनी फोन पदराआड धरला तो धरलाच. केरबानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली, टाळू खाजवली आणि म्हणाला, "बरं, ऱ्हायलं. मग सोमवारी येतो. सोमवारी आमचा वार, औत जुपायचं नसतंय. पोरं न्हाईत, पर बाकी मानसं मोकळी. करू कसंबसं."

"मग झालं की गड्या," भाऊसो खूश होऊन म्हणाला. "तुमचा वार तुमाला, आमचा आमाला."

त्या दिवशी सगळ्यांनी मिळून पोरांचे बाक, नकाशे, पुस्तकं चर्चच्या पडवीत आणून लावली. धनपाल शेटजींनी स्वतःच्या बागेचा चेंदामेंदा झालेला असताना गड्यांना सांगून शाळेचे पत्रे गोळा केले आणि ट्रॉलीत घालून माळावर पोचवले. तेही ह्याच शाळेत शिकलेले. भाऊसोची नात साक्षी चौथीत जायची होती. तिनं झाडू घेऊन आपल्या वर्गातली माती लोटून काढली आणि उघड्या आभाळाखालचा फळा ओल्या फडक्यानं लख्ख पुसला.

आयतवारी सकाळी आभाळ निवळ होतं. भाऊसो धुतलेलं धोतर नेसून उपासनेला गेला आणि आपण केलं ते बरोबर केलं, असं त्याला मनापासून वाटलं. दुपारी उकाडा असा वाढला की अंगाची नुसती चिकचिक झाली. मग जतच्या अंगानं काळंभोर आभाळ उठलं. विजयमाला बाई पळतच भाऊसोच्या दारात आल्या.

"भाऊसो, पत्रे नुसते भिंतीवर आडवे टाकून वर दगड ठेवले तरी निभेल. केरबांना हाक मारू का?"

भाऊसोनं आभाळाकडं बघितलं. मग चर्चकडं बघितलं. "जाईल वरच्या वर," तो म्हणाला. "वारं हाय त्येला."

वरच्या वर गेलं नाही. टपोरे थेंब आले आणि मग धरबंदच राहिला नाही. तेव्हा मात्र भाऊसोच्यानं बसवेना. म्हातारा तसाच पावसात धावला, एक पत्रा ओढत भिंतीपाशी नेला. पण तो वर चढवायचा कुणी? म्हाताऱ्याच्या हातात काय बळ असणार? मिशनच्या माळावर सगळी उतारवयाची माणसं, तरणीताठी पोरं-पोरी मिरजेला नाही तर पुण्याला दवाखान्यांतनं नोकरीला. पत्रा वाऱ्यानं फिरला आणि हातातनं निसटला. भाऊसो चिखलात बसून राहिला. त्याच्यासमोर भिंतीच्या सांध्यांतनं तांबडं पाणी वाहायला लागलं. आधी कोपऱ्यातला एक दगड सुटला. मग फळ्याची भिंत आतल्या आत बसली आणि तिच्यामागनं दुसरी गेली. आवाजसुद्धा फार झाला नाही. म्हातारा "देवा, आता न्हाई, आता न्हाई" म्हणत होता. पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं.

सोमवारी गाव आलं. दिल्या शब्दाला जागून पहारी, शिड्या, भाकरीची बुट्टी सगळं घेऊन आलं. शाळेच्या जागी दगडांचा ढीग बघून माणसांनी खांद्यावरच्या शिड्या खाली ठेवल्या. भाऊसो ढिगाशेजारी मान खाली घालून उभा होता. आता केरबा शिव्या घालणार, घालू दे. दोन थोबाडीत दिल्या तरी खाईन, अशी त्यानं मनाची तयारी करून ठेवली होती.

तेवढ्यात गर्दीतनं केरबाची आई धोंडुबाई पुढं आली. ही ऋषिराजची आजी. तिनं भाऊसोच्या तोंडावरनं हात फिरवला आणि कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"भाऊसो, तुज्यामुळं माजा नातू वाचला रं. काल आयतवारी काम धरलं असतं, तर पोरं त्या भितीवर असती. आन भित कवा पडली? आयतवारीच. तुज्या देवानं दाखवलं बग, त्येचा वार मोडायचा न्हाई."

बायकांनी माना डोलावल्या. बाप्येही एकमेकांकडं बघायला लागले. खरंच की.

"आवं, तसं न्हाई," भाऊसो कळवळून म्हणाला. "काल पत्रं चढलं असतं तर भित भिजलीच नसती. माझ्यामुळं पडली ती. माझ्यामुळं."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," धोंडुबाई म्हणाली. "थोर मानसं असंच बोलत्यात."

आता काय करावं अशा माणसांना? शिवी दिली असती तर म्हातारा निदान रडला असता. गावानं दिवसभर राबून दगड एका कडेला रचले आणि जाताना बायका चर्चच्या दाराला हात लावून पाया पडून गेल्या.

मंगळवारी पाळकसाहेब सांगलीहून आले. चांगला मऊ स्वभावाचा माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाऊसो, पोरांच्या डोक्यावर छप्पर घालायचं काम देवाचंच नव्हतं का? मला नुसता एक फोन करायचा होता." एवढंच म्हणाले. पण ते शब्द भाऊसोच्या काळजात रुतून बसले. दोन दिवस त्याला भाकरी गोड लागली नाही.

त्यातच तालुक्याचे शिक्षणखात्याचे साहेब आले. दगडांचा ढीग बघून त्यांनी बाईंना सांगितलं, "सोमवारी शाळा उघडतीय. तोवर पक्कं नको, साधी शेड दिसली तरी मी पोरं इथंच ठेवतो. नाही तर हायवेपलीकडच्या शाळेत पाठवावी लागतील."

बाई म्हणाल्या, "साहेब, एकदा पोरं तिकडं गेली की परत येत नाहीत. दरवर्षी पट कमीच होतोय. ही शाळा कायमची मिटेल."

साहेबांनी हात हलवले. त्यांच्या तरी हातात काय होतं?

शेडचं सामान होतं. धनपाल शेटजींनी पडक्या मांडवाचे लोखंडी अँगल घेऊन जा म्हणून सांगितलं होतं, पत्रे माळावरच पडलेले. नव्हते ते नुसते हात. त्या पावसानं शिवारात झकास वापसा आला होता आणि सगळं गाव पेरणीला लागलं होतं. ओल उडाली की वर्ष गेलं, मग शाळेसाठी औत सोडून ये म्हणायचं कुठल्या तोंडानं? वेल्डिंगची पोरं घरी असणार ती फक्त आयतवारी.

भाऊसो केरबाच्या रानात गेला. केरबा तूर पेरत होता.

"केरबा, आयतवारी या. पोरास्नी घिऊन या. शेड उभी करूया."

केरबानं औत थांबवलं. म्हाताऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिला. "आयतवारी? तुमी म्हनताय हे?"

"मी म्हनतोय. पाळकसायबबी व्हय म्हनलेत. माझी चूक झाली गड्या. पाया पडतो तुझ्या."

"आवं, पाया कशाला पडताय?" केरबानं घाईघाईनं त्याचे हात धरले. "मी येईन वो. पर पोरं येनार न्हाईत. आईनं समद्या गावाला सांगितलंय. घराघरातनं बायका म्हनत्यात, पोरगं आयतवारी मिशनच्या कामावर पाठवायचं न्हाई. मी इर्जिक घातली तरी कोन येतंय? मी एकटा येऊन काय करू? मला काय वेल्डिंग येतंय?"

"सोमवारी शाळा जातीया केरबा."

"कळतंय मला. माझी पोरगी शिवांजली बी तितंच हाय. पर ह्या बायकांच्या तोंडाला कोन लागंल?" केरबानं कासरा पुन्हा हातात घेतला. "तुमीच तेवडं सांगून बघा आईला."

भाऊसोनं धोंडुबाईला सांगून बघितलं. ती हात जोडून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "परीक्षा बगतोस व्हय माजी? जा, न्हाई मोडायची मी तुजा वार."

आयतवार उजाडला. उपासना सुरू झाली. चर्चमध्ये मोजकीच माणसं, त्यांचं गाणंही क्षीण. साक्षी आजोबाच्या शेजारी बसली होती. उद्या हायवेपलीकडच्या शाळेला नेणाऱ्या जीपमध्ये खिडकीशी आपण बसायचं का शिवांजलीनं, असं ती त्याला हळूच विचारत होती. तो उठून दारात येऊन उभा राहिला.

रस्त्यावरनं एमायडीसीतल्या पोरांच्या मोटरसायकली येत होत्या. पुढं ऋषिराज. मिशनच्या फाटकापाशी आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं. मागच्यांनीही बंद केलं. आत प्रार्थना चालली आहे म्हणून पोरं खाली उतरली आणि गाड्या हातानं ढकलत, आवाज न करता चालायला लागली. रचलेल्या दगडांवरनं, पत्र्यांच्या चळतीवरनं त्यांची नजर गेली, पण पाय थांबले नाहीत.

भाऊसोला हाक मारायची होती. पण आत प्रार्थना चाललेली, ओरडता येईना. त्यानं हात उंच केला आणि पोरांना जवळ बोलवायला हलवला.

पोरांना वाटलं, म्हातारा आशीर्वाद देतोय. त्यांनी चालता चालता माना लववल्या आणि पोरं गाड्या ढकलत पुढं निघून गेली.