अनुपमाची परीक्षा

धाडच्या बाजारात पुष्पाबाई भेटेल त्याला सांगत होत्या, "आमची सून जपानले जाऊन राह्यली." जपानी भाषेची परीक्षा पास झाली की तिथल्या वृद्धाश्रमात अनुपमाला नोकरी मिळणार होती. तिला जायचंय का, हे कोणीच विचारलं नव्हतं. मांडीवरच्या लेकीच्या नाकाला बोट लावून ती पाठ करायची, "हाना." कानाला "मिमी." लेक खुदकन हसायची.

परीक्षेत मोबाइलवरच्या बाईंनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. अनुपमाला शब्द येत होता, तरी ती मुद्दाम म्हणाली, "मिमी." पुढचंही तिने चुकीचंच सांगितलं आणि ती नापास झाली.

नवरा हरिओम रागावला नाही. "काऊन घाबरली वं? पुढच्या महिन्यात परत बसजो."

"तोवर पोरगी माह्यापाशी निजन," पुष्पाबाई म्हणाल्या, "तुले अभ्यासाले वेळ भेटन." आणि त्यांनी लेकीला तिच्या मांडीवरून उचललं.