मेतकुटावर पाहिलेलं कोन्या

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण २००४च्या मे महिन्यात मी तुर्कस्तानातलं कोन्या फुकटात पाहिलं.

आमचे मित्र यतीन आणि शुभा कोन्यातलंच हॉटेल बुक करून आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉयच्या घरी आले होते. मी म्हटलं, "चाकांच्या बॅगा, वर राइस कुकर! याला काय प्रवास म्हणतात? २००४च्या मेमध्ये मी कोन्याला गेलो, तेव्हा पाठीवर एकच पिशवी. तिथल्या हमामवाल्याच्या, म्हणजे न्हाणीघराच्या मालकाच्या, भातावर चिमूटभर मेतकूट भुरभुरलं, तर गडी आठ दिवस मला सोडेना. अंघोळ, चहा, अंथरूण, सगळं फुकट!"

शुभा म्हणाली, "यतीन, हॉटेल कॅन्सल कर."

स्वयंपाकघरातून आमची ही कडाडली, "थांब गं! अहो, त्याच मेमध्ये पासपोर्ट रिन्यूअलला गेलाय म्हणून माझ्या भाचीचं भारतातलं लग्न चुकवलंत ना? मग खोटं तेव्हा बोललात, की आत्ता?"